लोण्यावरचं नाव आणि कायद्यातला भिकारी

गावात जादूगार आलाय, हे लोकांना न्याहारीलाच कळायचं. पावाबरोबर लोण्याची वडी यायची आणि तिच्यावर साच्याने उठवलेलं असायचं त्याचं नाव, त्याची पदवी आणि खेळाची वेळ. एकोणिसाव्या शतकातला स्कॉटिश जादूगार जॉन हेन्री अँडरसन मुक्कामाच्या गावी उतरला की हे साचे तिथल्या कॉफीगृहांना आणि खानावळींना वापरायला द्यायचा. मग रस्त्याने मिरवणूक. पुढे चित्रांनी मढवलेल्या गाड्या, मागे माणसांची रांग, प्रत्येकाच्या हातात निशाण आणि प्रत्येक निशाणावर वारभर उंचीचं एकच अक्षर. चौक आला की मंडळी ओळीने उभी राहायची आणि अक्षरं जुळून जादूगाराचं नाव वाचता यायचं. खेळाला येणाऱ्यांनी एकेक कोडं लिहून आणायचं, उत्तम कोड्याला चांदीचं पात्र बक्षीस. आलेली कोडी छापून त्याचं पुस्तकही विकायचं. स्वतःचं कोडं छापलेलं बघायला कोण पैसे मोजणार नाही?

हे सगळं लिहून ठेवलंय ते त्याच्या फ्रेंच प्रतिस्पर्ध्याने, रोबेर-उदँने. म्हणजे त्यात थोडी असूया आणि थोडं तिखटमीठ आहे हे धरून चालू. तरी माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. मला तो आवडतो. आणि तो आवडतो म्हणूनच त्याच्या आयुष्याकडे पाहताना एक गोष्ट टोचत राहते. व्हिक्टोरिया राणीच्या काळात जादूगार 'कलावंत' झाला असं जादूच्या इतिहासात कौतुकाने सांगितलं जातं. ते खरंच आहे. पण तो कलावंत झाला त्याच काळात तीच कला रस्त्यावर करणारा माणूस कायद्याच्या वहीत भटक्या, उपद्रवी आणि शेवटी भिकारी झाला. दोघांच्या हातांत फरक नव्हता. फरक होता तो छप्पर, तिकीट आणि कोट यांचा. ही वही आपण स्वातंत्र्यानंतरही फेकली नाही, उलट तिच्यात आपल्या हाताने भर घातली, हे माझं म्हणणं.

अँडरसन काही हवेलीत जन्मलेला नव्हता. १८१४ साली स्कॉटलंडमध्ये जन्म, लहानपणीच आईबाप गेले, पोरगा फिरत्या नाटक मंडळीत लागला. जत्रांतून, धान्याच्या कोठारांतून, मिळेल त्या जागेत खेळ. आपल्या तमाशाच्या फडाला विचारा, हे आयुष्य समजावून सांगावं लागणार नाही. त्याचं नशीब फिरलं १८३७ साली. लॉर्ड पॅनम्यूरने त्याला ब्रेकिनच्या वाड्यावर खेळ करायला बोलावलं, पाहुणे खूश झाले आणि लॉर्डसाहेबांनी शिफारसपत्र दिलं. ते पत्र अँडरसनने जन्मभर जाहिरातीत मिरवलं. १८४० साली तो लंडनला पोचला, १८४९ साली बाल्मोरलला खुद्द राणीपुढे त्याचा खेळ झाला. 'उत्तरेचा जादूगार' ही आपली पदवी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटने दिली असं तो सांगायचा. गंमत अशी की ती स्कॉटचीच लोकांनी ठेवलेली पदवी होती, आणि स्कॉट वारला तेव्हा अँडरसन जेमतेम अठरा वर्षांचा फिरता पोरगा होता. पदवीसुद्धा हातचलाखीचीच.

पत्राकडे परत येतो, कारण सगळी मेख तिथं आहे. १५७२ साली इंग्लंडमध्ये भटक्यांविरुद्ध एक कायदा झाला होता. तलवारबाजीचे खेळ करणारे, अस्वलवाले, नट, गवई, हातचलाखीवाले, फेरीवाले, कल्हईवाले अशी त्यातली यादी वाचताना आपल्या बलुत्याबाहेरच्या सगळ्या जाती आठवतात. या लोकांपैकी नट आणि गवई एखाद्या सरदाराच्या पदरी असतील तर चालतील. हातचलाखीवाल्याला आणि फेरीवाल्याला न्यायाधीशांचा परवाना हवा. नाही तर तो 'लुच्चा आणि भटक्या', फटके खायला पात्र. म्हणजे तुमची कला कशी आहे हे सरकार विचारत नव्हतं. तुमच्या मागे कोण आहे, एवढंच विचारत होतं. अडीचशे वर्षांनी तो कायदा उरला नव्हता, नवे आले होते. तरी अँडरसनला बाजारातून नाट्यगृहात नेलं ते एका लॉर्डाच्या पत्रानेच.

नाट्यगृहात गेल्यावर आयुष्य सोपं झालं असंही नाही. फिरत्या जादूगाराचा संसार म्हणजे पेटाऱ्यांचा संसार. अँडरसनचं सामान चांदीचं असल्याची जाहिरात असे. ते बोटीवर चढवायचं, उतरवायचं, घोडागाडीने आणि पुढे रेल्वेने न्यायचं, आणि नव्या गावी पोचून पाहायचं तर आपलेच खेळ कुणीतरी आपलीच पदवी लावून आधीच करून गेलेला. नकलाकारांची एवढी भरमार होती की खरा कोण हे हँडबिलावर छापावं लागे. त्याचा हुकमाचा खेळ बंदुकीचा. प्रेक्षकाने गोळीवर खूण करायची, बंदुकीत भरायची, नेम धरून चाप ओढायचा. अँडरसन ती गोळी झेलून दाखवायचा. १८४५ साली ग्लासगोला त्याने स्वतःचं थिएटर बांधलं, काही महिन्यांत ते जळून खाक झालं. पुन्हा उभा राहिला. १८५६ साली लंडनचं कोव्हेंट गार्डन थिएटर भाड्याने घेतलं. मार्चमध्ये मुखवट्यांचा नाच ठेवला, पहाटे लोक राणीचं गीत म्हणत असताना छताला आग लागली आणि थिएटर गेलं. मग ऑस्ट्रेलिया, मग अमेरिका. तिथं यादवी युद्धाचे दिवस, आणि 'उत्तरेचा जादूगार' हे पोस्टर दक्षिणेतल्या गावांत कोण भिंतीवर राहू देणार? शेवटी दिवाळं निघालं. १८७४ साली डार्लिंग्टनला, म्हणजे पुन्हा दौऱ्यावरच, तो वारला. ॲबर्डीनमधल्या त्याच्या थडग्याची डागडुजी पुढे प्रसिद्ध अमेरिकन जादूगार हुडिनीने पदरच्या पैशाने करवली.

हे वाचून कुणी म्हणेल, एवढा धोका पत्करला, एवढं भांडवल घातलं, मग मान मिळाला तर बिघडलं कुठं? काहीच बिघडलं नाही. मान मिळायलाच हवा होता. मी विचारतोय ते दुसऱ्याच्या मानाबद्दल.

अँडरसन जन्मला त्याच सुमारास लंडनमध्ये भारतातून खेळवाल्यांची एक टोळी गेली होती. त्यातला एक रामो सामी. हे नाव इंग्रजी कानांनी ऐकून लिहिलेलं. मूळ बहुधा रामस्वामी. पितळी चेंडू झेलणं, तलवार गिळणं, तोंडात दोरा आणि मणी टाकून ओवलेली माळ बाहेर काढणं असे त्या टोळीचे खेळ. विल्यम हॅझलिटसारख्या निबंधकाराने १८२१ साली भारतीय खेळवाल्यावर निबंध लिहिला, आणि त्यात चार चेंडूंचा तो खेळ पाहून स्वतःला विचारलं की असं निर्दोष मला काय येतं; माझे निबंध या माणसाच्या हातांपुढे किती ओबडधोबड. लेखकाने इतक्या सरळपणे हार मानावी असं क्वचितच होतं. पुढे हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या रस्त्यांवर पोट भरणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, त्यात चेंडू झेलणाऱ्या एकाने सांगितलं की रामो सामीचा खेळ पाहिला आणि आपण या धंद्यात आलो. म्हणजे हा माणूस इंग्रज खेळवाल्यांचा न मागता झालेला गुरू. १८५० साली तो लंडनमध्येच वारला. घरात एवढंही नव्हतं की पुरता येईल. बायकोला वर्तमानपत्रातून वर्गणीसाठी हात पसरावा लागला.

त्याच्या आदल्याच वर्षी, १८४९ साली, आइल ऑफ वाइट बेटावर चार्ल्स डिकन्सने मित्रमंडळींपुढे जादूचे प्रयोग केले. डिकन्स हौशी जादूगार होता आणि चांगला होता असं म्हणतात. त्याने त्या दिवशी नाव घेतलं होतं 'ऱ्हिया ऱ्हामा ऱ्हूस'. तोंडाला काळं, अंगावर पूर्वेकडचा म्हणून जो वाटेल तो पोशाख. भारतीय खेळवाल्यांच्या नावांची ही थट्टा होती, कुजकी नव्हती, घरगुती होती. मला ती कुजक्या थट्टेपेक्षा जास्त बोलकी वाटते. रामो सामी हयात होता, लंडनमध्येच होता. त्याचं रंगरूप मात्र आधीच सोंगांच्या पेटीत जाऊन पडलेलं होतं.

रूप गेलं तसे खेळही गेले. १८६५ साली कर्नल स्टोडेअर नावाने काम करणाऱ्या जादूगाराने लंडनच्या इजिप्शियन हॉल या सभागृहात भारतीय टोपलीचा खेळ केला. टोपलीत माणूस, टोपलीत तलवार, किंकाळी, आणि मग तोच माणूस प्रेक्षकांतून धडधाकट येतो. आपल्याकडच्या आठवडी बाजारात हा खेळ पिढ्यान् पिढ्या चाललेला. स्टोडेअरने तो भारतीय आहे हे लपवलं नाही, उलट तीच जाहिरात केली. पण बघा, टोपलीला तिकीट लागलं, टोपलीवाल्याला नाही. हा स्टोडेअर कुठलाच कर्नल नव्हता, हे ओघाने आलंच. १९०० साली विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन माणसाने चिनी पोशाख चढवून 'चुंग लिंग सू' हे नाव घेतलं आणि मरेपर्यंत उतरवलं नाही. वार्ताहरांशीही दुभाषा घेऊन बोलायचा. १९१८ साली लंडनमध्ये गोळी झेलण्याचाच खेळ उलटला, गोळी छातीत गेली आणि पडदा पाडा असं तो रंगमंचावर इंग्रजीत म्हणाला. प्रेक्षकांना त्याचं इंग्रजी ऐकू आलं ते तेव्हा. आणि भारतीय दोरीची ती जगप्रसिद्ध जादू, दोर आकाशात उभा राहतो आणि पोरगा चढून नाहीसा होतो ती? तिचं नाव जगभर झालं ते १८९० साली शिकागोच्या एका वर्तमानपत्राने छापलेल्या बातमीने. चार महिन्यांनी त्याच पत्राने कबूल केलं की गोष्ट रचलेली होती. कबुली कुणी वाचली नाही. आमच्या नावावर न केलेली जादू जमा झाली आणि केलेली खर्ची पडली.

आता हातांचा विचार करू. रंगमंचावर प्रेक्षक एका बाजूला. मागे पडदा, बाजूला विंगा, खाली तळघर, वर दोरखंड. स्टोडेअरने १८६५ सालीच 'स्फिंक्स' दाखवला, तिपाईवर ठेवलेलं बोलणारं मुंडकं. तो सगळा खेळ तिपाईच्या पायांमध्ये बसवलेल्या आरशांचा. अक्कल अफाट, पण प्रेक्षक दोन हात डावीकडे सरकला असता तर संपलं होतं. रस्त्यावरच्या माणसाला मात्र चारी बाजूंनी लोक. पाठीमागे पोरं, झाडावर पोरं.

आमच्या गावच्या बाजारात मी एका गारुड्याला आंब्याचं झाड उगवताना पाहिलं आहे. तीन काठ्यांवर मळकं फडकं, खाली मूठभर माती, आंब्याची कोय, तांब्यातलं पाणी. एका हाताने डुगडुगी, तोंडाने अखंड बडबड, 'बच्चेलोग ताली बजाव', आणि फडकं उचललं की वीतभर रोप. पुन्हा झाकलं, पुन्हा उचललं, पानं वाढलेली. मी त्याच्या उजव्या खांद्याशी उभा होतो, इतका जवळ की त्याच्या विडीचा वास येत होता. तिसऱ्यांदा झाकलं आणि हवालदार आला. काठी टेकून नुसता उभा राहिला, बोलला काही नाही. गारुड्याने मिनिटभरात काठ्या, फडकं, तांब्या झोळीत घातलं आणि तो चालू लागला. पैसे गोळा करायचे राहिले. आम्ही पोरं मग ती जागा उकरत बसलो. खाली खड्डा असेल, पेटी असेल, काहीतरी असेल. नुसती मुरमाड जमीन होती.

व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये त्या हवालदाराच्या पाठीशी दोन कायदे होते. एक १८२४ चा भटक्यांचा कायदा, ज्यात भविष्य सांगणं किंवा हिकमतीने राणीच्या प्रजेला फसवणं हा गुन्हा होता. दुसरा १८३९ चा लंडन पोलिसांचा. त्यात खेळासाठी लोक जमवायला रस्त्यावर शिंग फुंकलं किंवा गोंगाट करणारं वाद्य वाजवलं तर चाळीस शिलिंगांपर्यंत दंड. म्हणजे डुगडुगी वाजली की गुन्हा. अक्षरांची निशाणं घेऊन माणसं चौकात उभी करणं हा मात्र धंदा.

इथं मंचावरच्या जादूगारांची बाजूही मांडायला हवी, कारण ती मला मनापासून पटते. ते म्हणत : आम्ही फसवतो, पण फसवतोय असं सांगून फसवतो. आणि याला ते जागले. अमेरिकेतून आलेले डेव्हनपोर्ट बंधू कपाटात हातपाय बांधून बसत आणि आत वाद्यं वाजली की भुतं वाजवतात असं लोकांना वाटू देत. १८६५ साली चेल्टनहॅममध्ये जॉन नेव्हिल मॅस्कलिन या घड्याळ दुरुस्त करणाऱ्या तरुणाने त्यांना पाहिलं. खिडकीचा पडदा जरा सरकला, उजेडाची तिरीप आत गेली आणि कपाटातला हात त्याला दिसला. काही महिन्यांनी त्याने मित्राला, कुक नावाच्या सुताराला घेऊन भुतांशिवाय तोच खेळ करून दाखवला. पुढे तीसएक वर्षं हे दोघं इजिप्शियन हॉलमध्ये तळ ठोकून राहिले. १८७६ साली पाटीवर मृतांचे संदेश उमटवणाऱ्या स्लेडवर खटला भरला गेला, तेव्हा साक्षीला हाच मॅस्कलिन. खटला कोणत्या कायद्याखाली? त्याच १८२४ च्या. स्लेडला तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली आणि अपिलात शब्दांच्या तांत्रिक चुकीवर तो सुटला. चमत्काराच्या नावावर लुबाडणाऱ्याविरुद्ध कायदा हवाच. २०१३ साली दाभोलकरांच्या खुनानंतर महाराष्ट्राने जो कायदा केला त्याच्या बाजूने मी आहे. पण स्लेड आणि गारुडी यांना एकाच पिंजऱ्यात घालायचं नसतं. 'हात की सफाई' असं ओरडून सांगणारा गारुडी मॅस्कलिनच्या बाजूचा आहे.

सरकारला हे कळत नव्हतं असं नाही. गरज पडली की कळायचं. १८५६ साली फ्रेंच सरकारने खुद्द रोबेर-उदँला अल्जीरियात पाठवलं, तिथल्या मराबूत फकिरांचा लोकांवरचा पगडा मोडायला. त्याने एक हलकीशी पेटी ठेवली, ती धिप्पाड अरबाला उचलता येईना. खाली विद्युतचुंबक होता. वर विजेचा झटकाही दिला. ही मात्र कबुलीची फसवणूक नव्हती. तिथं जादूगार फ्रान्सची ताकद म्हणून उभा होता, आणि त्याला कुणी भटक्या म्हटलं नाही.

आणि आपल्याकडे? १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. आधी उत्तरेत, पुढे १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातही. फिरणं हाच संशय. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो रद्द झाला म्हणून तो विमुक्त दिन. आपण इथं थांबायला हवं होतं. पण १९५९ साली मुंबई भीक मागण्यास प्रतिबंध अधिनियम आला, आणि हा इंग्रजांनी केलेला नाही. त्यात भीक मागण्याची व्याख्या अशी, की सार्वजनिक जागी पैसे मागणं किंवा घेणं. मग ते गाणं, नाच, भविष्यकथन, खेळ करणं किंवा वस्तू विकायला पुढे करणं अशा बहाण्याने असो वा नसो. 'बहाण्याने' हा शब्द पुन्हा वाचा. कायद्याच्या लेखी आंब्याचं रोप हा बहाणा आहे. पहिल्यांदा दोषी ठरला तर एक ते तीन वर्षं संस्थेत डांबून ठेवायची सोय. हाच कायदा इतर राज्यांनी उचलला. दिल्लीत तो लागू होता तिथं २०१८ साली उच्च न्यायालयाने त्यातली बहुतेक कलमं घटनाबाह्य ठरवली. तो जिथं जन्मला त्या मुंबईला तेवढी घाई दिसत नाही.

माझी मागणी छोटी आहे : व्याख्येतून गाणं, नाच आणि खेळ हे शब्द काढा. भीक हाच गुन्हा असावा का हा मोठा वाद आहे आणि तो व्हायला हवा, पण या तीन शब्दांसाठी त्याचा निकाल लागायची वाट पाहायचं कारण नाही. रस्ता अडतो, असं म्हणतील. अडतो, मग वेळ आणि जागा ठरवून द्या, जशी मंडपांना देता. सापाचं म्हणाल तर तिथं मी गारुड्याच्या बाजूने नाही. दात पाडलेल्या, तोंड शिवलेल्या सापांचे हाल मी जवळून पाहिलेत; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद केलं ते योग्यच. मात्र साप काढून घेताना त्याच्या हातातली उरलेली कलाही गुन्हाच धरली, याला वन्यजीवांचं कारण देता येत नाही.

दोनेक वर्षांपूर्वी हायवेवरच्या एका ढाब्यापाशी डोंबाऱ्याचं बिऱ्हाड उतरलं होतं. ढोलकी वाजली, पोरगी दोरावर चढली, आणि ढाब्याच्या मालकाने कुणालातरी फोन लावला. बापाने ते पाहिलं. तो घाबरला नाही, चिडला नाही. बंडीच्या आतल्या खिशातून एक लॅमिनेट केलेला कागद काढून मालकापुढे धरला. कडा उसवलेल्या, शिक्का फिकट झालेला. मी वाकून वाचला. कुठल्याशा गावच्या सरपंचाचं पत्र होतं : सदर इसम आमच्या ओळखीचे असून पारंपरिक खेळ करून उदरनिर्वाह करतात, तरी त्यांना सहकार्य करावे. तारीख अकरा वर्षांपूर्वीची. ते सरपंच आता आहेत का, विचारलं. वारले म्हणाला, पण कागद चालतो अजून.